आधी कडी, मग काठमांडू

सगळ्यात पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. गाद्या चाळीसच होत्या.

तुम्हाला कोणी दोनशे सांगितल्या असतील, कोणी म्हणालं असेल की सोबत पलंग पण गेले. इंदुरात पलासियाला एका डेंटिस्टकडे तर मी स्वतः ऐकलं की नेपाळ-बिपाळ काही नाही, माल सिंगापूरला गेला. सांगणाऱ्या बाईंच्या तोंडात तेव्हा कापूस होता, तरी सांगत होत्या. तर नाही. आमच्या मल्हार-मार्तंड स्नेह मंडळाकडे एकूण बावन्न गाद्या होत्या, लग्नामुंजीला बाहेरगावचे पाहुणे आले की हॉलमध्ये अंथरायला. दोन वर्षांपूर्वी नेपाळात पूर आला, इंदूरहून मदतीचा ट्रक निघाला, त्यात चाळीस गेल्या. बारा राहिल्या. बारा गाद्यांवर वऱ्हाड कसं झोपतं ते विचारू नका. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात जळगावचे सहा जण एका गादीवर फक्त डोकी ठेवून, बाकीचं शरीर फरशीवर, असे चांदणीसारखे पसरले होते.

दुसरी गोष्ट. हॉलच्या लेडीज बाथरूमला आतून कडी नव्हती. तीन वर्षांपासून.

या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण इलेक्शन आलं की संबंध लागतो.

तसं मंडळात इलेक्शन कधी होतच नसे. बाबूराव काका, म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ, अकरा वर्षांपासून अध्यक्ष. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं "बाबूरावच राहू द्या", आणि लोक जेवायला पळायचे. यंदा जयसिंगराव उभे राहिले. जयसिंगराव आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, म्हणून ते ॲक्टिव्हावर पण ताठ बसतात, डावा हात मांडीवर. काकांचे पणजोबा दफ्तरात कारकून होते. म्हणून आमच्या घरात सगळ्यांना चष्मा आहे.

जयसिंगरावांकडून मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. बाथरूमच्या दाराचा फोटो, आणि खाली लाल अक्षरात:

"आपले पाहुणे सतरंजीवर, आपल्या गाद्या परदेशात! आधी कडी, मग काठमांडू!"

मी खोटं बोलणार नाही. मला वाचून जळलं. चांगला होता ना भिया.

संध्याकाळी काकांनी बोलावलं. "अश्विन, तुझं ते मोबाइलचं चालतं ना?"

मोबाइलचं म्हणजे काय, तर मी बी.कॉम. अर्धं सोडलं आणि व्हिडिओ बघून बघून डिझाइन, मार्केटिंग, सगळं स्वतः शिकलो. सर्टिफिकेट एक पण नाही. विजय नगरला एक एजन्सी आहे, तिथल्या स्मिता मॅडमना तीन वेळा भेटून आलो होतो. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "सर्टिफिकेट नको, पण एक खरी कॅम्पेन दाखव. रिझल्टसकट." इकडे बाबांनी तारीख दिली होती, दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर देवास नाक्यावर मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं. मी टायरच्या विरोधात नाही. पण मला त्या वासानं चक्कर येते.

म्हणजे काकांना वाटत होतं हे त्यांचं इलेक्शन आहे. खरं बघितलं तर माझं होतं.

मी म्हटलं, "काका, हो. पण सगळं माझ्या पद्धतीनं."

काका म्हणाले, "हो हो. फक्त दोन गोष्टी. घाण भाषा नको. आणि मेसेज रोज संध्याकाळी कागदावर छापून मला द्यायचा. मी तो देवापाशी ठेवीन. सकाळी नऊला टाक."

आता देवापाशी ठेवायला कोण नाही म्हणेल?

दोन दिवस मी अभ्यास केला. तुम्हाला सांगतो, हा गाद्यांचा प्रश्न लहान नाही. मोठमोठ्या देशांच्या निवडणुका यावरच चालतात. आपलं बाहेरच्यांना का द्यायचं, आधी घरचं बघा. एक टकला एक्सपर्ट सांगत होता की लोकांना नेहमी वाटतं आपण परदेशात खूप देतो, आणि असतं थोडंसं. मी पॉज करून वहीत लिहिलं: "लोकांना वाटतं खूप." खाली लिहिलं: "पण अपन ५२ पैकी ४० दिल्या, हे खरंच खूप आहे." हा मुद्दा त्या टकल्याच्या व्हिडिओत नव्हता.

आजूबाजूचे लोक तर फुकटचे सल्लागार असतातच. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनीयर म्हणाले, नकाशा टाक, नेपाळ किती जवळ आहे दाखव. दूधवाला म्हणाला, "भिया, पशुपतिनाथ का फोटो लगा दो, बात खतम." आईनं सांगितलं, काहीही लिही, पण बाथरूमचं नाव काढू नको. का विचारलं तर म्हणाली, "कारण कडी खरंच नाहीये."

हे मात्र मला त्रास देत होतं. कडी खरंच नव्हती. मंडळातल्या बायकांची एक सिस्टम पडून गेली होती. कोणी उठलं की शेजारणीला म्हणायचं, "चल गं, दारावर ये." मग एक आत, एक बाहेर दार ओढून उभी. त्यावरून दोन पक्क्या मैत्रिणींचं बोलणं बंद झालं होतं, कारण एकीनं "अगं, बासुंदी वाढताहेत" म्हणून दार सोडलं आणि तेवढ्यात बँडवाला चुकून... असो.

आणि कडी का लागत नव्हती? त्याची फाइल होती. फाइल बंडूजींकडे. बंडूजी मंडळाचे मॅनेजर, वय अठ्ठावन्न, तरी सगळे बंडूच म्हणतात, फक्त पुढे जी लावतात. मी फाइल मागितली. त्यात कडी उपसमितीच्या सहा बैठकी होत्या. पितळी की स्टीलची. उभी की आडवी. तीन दुकानांचे कोटेशन आले होते, पण तीन पैकी दोन दुकानं एकाच माणसाची निघाली, म्हणून ते बाद.

"मग अजून एक मागवा ना," मी म्हटलं.

"मागवलं. तो म्हणतो, एका कडीसाठी कोटेशन देत नाही, दाराचं मागा." बंडूजींनी फाइलची नाडी बांधली. "दार बदलायचं म्हटलं तर ती वेगळी उपसमिती."

मी पहिला मेसेज बनवला. "पाणी सीमा विचारून घरात घुसत नाही. मदत सीमा विचारून थांबत नाही. दिल मोठं, मंडळ मोठं." छापला, काकांना दिला. सकाळी नऊला टाकणार होतो.

पावणेनऊला जयसिंगरावांचा मेसेज आला.

"पाणी सीमा विचारत नाही म्हणणाऱ्यांनो, आपल्या बाथरूममध्ये येणारा तरी विचारून येतो का?"

मी ब्रश तोंडात धरून उभा. माझा मेसेज अजून माझ्या मोबाइलमध्ये होता. उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर जाणार होता. ग्रुपवर अठ्ठावीस हसणारे चेहरे. त्यातला एक माझ्या आईचा.

तिथून मला शक लागला, आणि शक एकदा लागला की सगळी कॉलनी वेगळी दिसायला लागते. रद्दीवाला आमच्याच दारापाशी का थांबतो? बंडूजींनी मला "काय नवीन?" का विचारलं? याआधी त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आणि शारदा काकू? बाबूराव काकांच्या बायको, ज्या मला रोज चहा देताना कागदाकडे बघत होत्या? त्या तर मुळातच कडी पार्टीच्या. काकांसमोर कप ठेवताना रोज म्हणायच्या, "कडी." बस, एवढंच. जसं कोणी "साखर" म्हणतं. काका म्हणायचे, "हो, बघतो."

तिकडे जयसिंगरावांचे मेसेज त्यांची नात प्रियंका बनवते, हे मला माहीत होतं. एमबीए करते. तिला कोणीतरी माझा माल पोहोचवत होतं.

दुसऱ्या दिवशी पण तेच. मी लिहिलं, "चाळीस गाद्या, चाळीस कुटुंबं, चाळीस आशीर्वाद." पावणेनऊला तिकडून, "चाळीस आशीर्वादांपैकी एकाची तरी पावती दाखवा."

आता हा घाव खोल होता. कारण पावती नव्हती. गाद्या ट्रकमध्ये चढल्या हे सगळ्यांनी बघितलं, पण उतरल्या कुठे हे कोणाला माहीत नाही. आणि पावती मागितल्याबरोबर लोकांना काही काही आठवायला लागलं. एकांनी ओंकारेश्वरच्या लॉजमध्ये तसलीच निळ्या फुलांची खोळ बघितली होती. दुसऱ्यांना आठवलं की त्याच आठवड्यात बाबूरावांच्या गच्चीवर काहीतरी गुंडाळलेलं होतं. (ते पापडाचं प्लास्टिक होतं. मी स्वतः वर चढून बघितलं. काकांवर शक नव्हता, पण बघितलं.)

मी पावती आणायला गेलो. ज्या संस्थेनं मदत गोळा केली होती तिचं ऑफिस एका जिन्याखाली आहे. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवलं.

"गद्दे... कपड़ा में लिखवाए थे या फर्नीचर में?"

"सर, गादी आहे. गादीमध्ये लिहिली असेल."

"गादी का कॉलम नहीं है." मग ते मराठीत आले, कारण त्यांची आई मराठी होती. "बघा, पावती मिळेल. पण ज्यांना मिळाल्या त्यांचा अर्ज लागेल, की आम्हाला मिळाल्या."

"ते नेपाळात आहेत ना सर."

"हो ना," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा सहानुभूतीनं बघितलं, जशी नेपाळची भानगड मीच केली आहे.

म्हणजे पावती नाही, मेसेज लीक, आणि मंडळाच्या सभेला पाच दिवस. सभेतच मतदान. मला टायरचा वास यायला लागला.

मग मी सापळा लावला. हे पण व्हिडिओतूनच शिकलो होतो. प्रत्येक संशयिताला वेगळी खोटी माहिती द्यायची, आणि कोणती बाहेर येते ते बघायचं. बंडूजींना हळूच सांगितलं, उद्या आम्ही एसीची घोषणा करतोय. शारदा काकूंना सांगितलं, उद्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ येतोय. आईला पण सांगितलं, हो, आईला, ती हसणारा चेहरा टाकून बसली होती. तिला म्हटलं उद्या आम्ही काहीच टाकणार नाही. आणि खरा मेसेज काकांना कागदावर दिला, देवापाशी ठेवायला: "घरचं काम राहिलं म्हणून शेजाऱ्याला बुडू द्यायचं?"

सकाळी पावणेनऊ. मी मोबाइल हातात धरून बसलो होतो.

"शेजाऱ्याला बुडू देऊ नका. पण तीन वर्षं दार धरून उभ्या राहिलेल्या बायका तुमच्या कोण लागतात?"

एसी नाही. व्हिडिओ नाही. खऱ्या मेसेजलाच उत्तर. जो फक्त तिघांना माहीत होता. मी, काका, आणि देव.

आता देवावर शक कसा घ्यायचा? काका स्वतःच कँडिडेट. उरलो मी. मी तर कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे माझा मोबाइल! मोबाइल हॅक झाला होता!

जेल रोडच्या मोबाइल मार्केटला गेलो. दुकानदारानं मोबाइल उलटा केला, सुलटा केला, म्हणाला, "भिया, वायरस तो नहीं दिख रा, पर तसल्ली के लिए फॉर्मेट मार देते हैं." मारला. तसल्ली झाली. संध्याकाळी लक्षात आलं की उरलेल्या दिवसांचे मेसेज, काकांचे सगळे फोटो, आणि स्मिता मॅडमसाठी बनवलेली पूर्ण फाइल त्यातच होती. जी कॅम्पेन दाखवायची होती, ती मीच पुसून आलो होतो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. आईनं विचारलं नाही. मी तिला "काहीच टाकणार नाही" म्हणालो होतो आणि टाकलं, म्हणून ती माझ्यावर शक घेत होती.

मग एकच उरलं. कागदाच्या मागे मागे जायचं. सगळं रात्री आठवून नव्यानं एक मेसेज लिहिला, काकांना दिला, आणि सकाळी सव्वासहाला काकांच्या गेटसमोर कारच्या आड जाऊन उभा राहिलो. काका साडेसहाला निघाले. फिरायला जातात, तीस वर्षांपासून. मी मागे. कोपऱ्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कागद आहे की नाही चाचपला.

मी अंतर कमी केलं.

काका पोह्याच्या ठेल्यावर थांबले. वाफाळलेलं पातेलं, बाजूला जिलेबीची कढई, आणि बाकावर आधीच बसलेले जयसिंगराव. मी व्हॅनच्या मागे वाकलो. तिथे आधीच कोणीतरी वाकलेलं होतं.

प्रियंका.

"तू!" आम्ही दोघं एकदम म्हणालो, हळू.

"माझे मेसेज तूच चोरतो ना?" ती फुसफुसली. "माझं उत्तर टाकायच्या आधीच तुमच्या काकांना माहीत असतं. काल आजोबांनी माझा पूर्ण दुसरा परिच्छेद बदलून दिला. ते असं कधी लिहीत नाही."

"मी चोरतो? मी मोबाइल फॉर्मेट मारून आलो बाई!"

"श्श."

ठेल्यावर काकांनी चष्मा लावला, कागद उघडला, आणि जयसिंगरावांना माझा मेसेज वाचून दाखवला. सगळा. आवाज चढवत, उतरवत. जयसिंगराव डोळे मिटून ऐकत होते.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मुलगा हुशार आहे आपला. फक्त तिसऱ्या ओळीत 'तुम्ही' आहे. मला 'आपण' लिहायला पाहिजे होतं."

"चूक झाली. दुरुस्त करतो."

"आता आमचं ऐका." जयसिंगरावांनी खिशातून दुसरा कागद काढला. वाचला. त्यात काकांना 'गादीचोर' म्हटलं होतं. काकांनी पोह्याचा घास खाल्ला, विचार केला.

"जयसिंगराव, 'चोर' हलका वाटतो. आपल्या तोंडी शोभत नाही. 'गाद्यांचा हिशेब न देणारे' करा."

"वा. ते जास्त लागेल."

"हो, मला पण जास्त लागलं."

"भिया, सेव और डालूं?" ठेलेवाल्यानं विचारलं. दोघांनी प्लेटी पुढे केल्या.

मला राहवलं नाही. मी व्हॅनच्या मागून बाहेर आलो. "काका!"

काका बिलकुल दचकले नाही. म्हणाले, "ये, बस. पोहे खातो?"

"काका, तुम्ही आपलाच मेसेज यांना देऊन राहिले? देवापाशी ठेवतो म्हणाले होते!"

"ठेवतो ना. सकाळी उचलतो." त्यांनी चष्मा काढला. "बाळा, आपल्या घरांत एक पद्धत आहे. दरबारात कोणाच्या विरोधात अर्ज द्यायचा असला, तर आपले लोक आधी तो अर्ज त्या माणसाला वाचून दाखवायचे. मग दरबारात. यांच्या पणजोबांनी माझ्या पणजोबांच्या विरोधात सहा अर्ज दिले. सहाही आधी आमच्या ओसरीवर बसून वाचले."

"आणि तुमच्या पणजोबांनी त्यांचं शुद्धलेखन तपासून दिलं," जयसिंगराव म्हणाले. "आमच्याकडे अजून ते कागद आहेत."

"पाठीमागून बोलणं ही चुगली. समोर वाचलं की तक्रार," काका म्हणाले.

प्रियंका व्हॅनमागून बाहेर आली आणि बाकावर धपकन बसली. आम्ही दोघांनी पोहे खाल्ले. काय करणार? अपमान पण झाला होता आणि भूक पण लागली होती.

माझ्या डोळ्यांसमोर एक्सपर्टचा टकला चेहरा येत होता. गुप्तता, गुप्तता, गुप्तता, असं तो तीन वेळा म्हणाला होता. त्याला इंदूर माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पाचला सभा. हॉल खचाखच. बसायला खुर्च्या, आणि मागे त्या बारा गाद्या रचून ठेवलेल्या, पुरावा म्हणून. कोणी ठेवल्या माहीत नाही. मला शक जयसिंगरावांवर आहे, पण त्यांनी आधी काकांना विचारलंच असेल.

आधी जयसिंगराव बोलले. "मदत करू नका असं मी म्हणत नाही. पण घर फुटकं ठेवून गावात दानशूर म्हणून मिरवायचं, हे मला पटत नाही. आधी आपली माणसं."

काका उठले. "घर कधी पूर्ण होत असतं का जयसिंगराव? आज कडी, उद्या नळ, परवा पंखा. सगळं झाल्यावरच हात पुढे करायचा म्हटलं तर पाणी कोणासाठी थांबणार आहे?"

टाळ्या दोघांना सारख्याच पडल्या. लोकांना दोन्ही पटत होतं, आणि दोघांवर शक पण तेवढाच होता. कोणी ओरडलं, "ओंकारेश्वरच्या खोळीचं काय?" कोणी म्हणालं, "गादी राहू द्या, पलंगांचं सांगा!" पलंग कधी नव्हतेच. पण आता ते पण गेले होते. वाद तापला. जयसिंगराव म्हणाले देशात काय कमी पूर येतात, काका म्हणाले नकाशा काढा, वरच्या मजल्यावरच्या इंजिनीयर साहेबांनी खरंच नकाशा काढला.

तेवढ्यात मागून आवाज यायला लागला. टक. टक. टक.

मला वाटलं, सबोटाज. माइकची वायर कोणीतरी कापतंय. मी हळूच मागे गेलो. लेडीज बाथरूमच्या दारापाशी शारदा काकू खाली बसल्या होत्या, पदर खोचलेला, हातात पेचकस. प्रियंकानं मोबाइलची टॉर्च धरली होती. दारावर नवी कोरी कडी.

"काकू!"

"अश्विन, तो चौथा स्क्रू दे. अन् उजेडात उभा राहू नको."

"पण कोटेशन?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू दिला.

कडी बसली. काकूंनी पदर सोडला. रांगेत पहिल्या सखुआजी होत्या. सखुबाई, वय चौऱ्याऐंशी, मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद. त्या आत गेल्या. सवयीनं म्हणाल्या, "चल गं, दारावर ये." मग थांबल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. घट्ट. खट्.

पाच मिनिटं झाली. दहा.

"सखुआजी?" प्रियंकानं दार वाजवलं.

"कडी निघत नाहीये गं," आतून आवाज आला.

झालं! हॉलमध्ये धावपळ. नेपाळ जागच्या जागी राहिलं. काका आणि जयसिंगराव दोघं दारापाशी. बंडूजी म्हणाले दार तोडायचं तर ठराव लागेल. काका म्हणाले, "सखुआजी, घाबरू नका, आम्ही काढतो तुम्हाला!"

"मी कुठे घाबरले?" आतून सखुआजी म्हणाल्या. "मला काही घाई नाहीये. तीन वर्षांत पहिल्यांदा निवांत बसलेय. तुम्ही चालू ठेवा तुमचं." मग, "कडी कोणी लावली?"

"शारदानं," कोणीतरी म्हणालं.

"मग अध्यक्ष म्हणून माझ्याकडून शारदाचं नाव लिहा."

बंडूजींनी नियमावली उघडली. नियम चौदा. आयत्या वेळी नाव सुचवता येतं, पण सुचवणारा "सभास्थानी प्रत्यक्ष उपस्थित" पाहिजे. आता बाथरूम सभास्थान आहे का? यावर अर्धा तास. जयसिंगरावांचं मत, भिंत आली की सभा संपली. काकांचं मत, आवाज येतोय म्हणजे उपस्थिती आहे. तुम्ही बघा, दोघं आपापल्या विरोधात की बाजूने बोलत होते हे त्यांना पण समजत नव्हतं, वाद चांगला चालला होता एवढंच. शेवटी बंडूजींनी सांगितलं, भाडेपावतीवर "हॉल, बाथरूमसह" लिहिलेलं असतं. विषय संपला.

शारदा काकूंना बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी गेल्या नाही, तिथेच दाराला टेकून बोलल्या.

"गाद्या मी पाठवल्या. खोळी मी शिवल्या, ट्रकमध्ये मी चढवल्या. मला कोणी विचारलंच नाही. पोचल्या की नाही मला माहीत नाही. पुरात कोणी झोपलं असेल तर त्यावर पाठ टेकली असेल, एवढंच मला पाहिजे होतं. आणि बाथरूमला कडी पाहिजे होती. या दोन कामांचं भांडण तुम्ही लावलं. माझं तर दोन्ही एकाच पेटीतल्या सामानात झालं. सुई आणि पेचकस."

एवढंच. बसल्या.

मतं मोजली. शारदा काकू एकशे एकतीस. जयसिंगराव सव्वीस. बाबूराव काका चोवीस. त्या चोवीसमध्ये मी होतो. शेवटपर्यंत.

काकांचा चेहरा उतरला होता. हरल्याचं नाही, त्यांना दुसरंच लागलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "शारदा, आपल्या घरात पद्धत आहे. माझ्या विरोधात उभं राहायचं होतं, तर आधी मला वाचून तरी दाखवायचं."

काकू म्हणाल्या, "तीन वर्षं रोज चहाबरोबर वाचून दाखवत होते."

जयसिंगरावांनी मान खाली घातली. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मग हळूच म्हणाले, "हो. दाखवलं होतंस." आणि त्यांनी स्वतः पेचकस मागून घेतला, दाराच्या फटीतून कडी सरकवली आणि सखुआजींना बाहेर काढलं. सखुआजी रागावल्या. अजून बसायचं होतं म्हणे.

मंगळवारी मी विजय नगरला स्मिता मॅडमकडे गेलो. हातात काही नाही. फाइल फॉर्मेटमध्ये गेली, क्लायंट हरला. सरळ सगळं सांगून टाकलं, गादीपासून कडीपर्यंत. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे तुझा क्लायंट तिसऱ्या नंबरवर आला."

"हो मॅडम."

"त्यानंतर बोलला तुझ्याशी?"

"रोज सकाळी पोह्याला बोलवतात. समोरच्या पार्टीसोबत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे हरलेला क्लायंट फोन पण उचलत नाही. सोमवारपासून ये. तीन महिने ट्रायल." मग म्हणाल्या, "आणि क्लायंटचा ड्राफ्ट कोणालाही दाखवायचा नाही."

मी हो म्हटलं.

पण हे जे लिहिलंय ते क्लायंटचं नाही, माझं आहे, आणि यात काका हरतात. म्हणून टाकायच्या आधी आज सकाळी ठेल्यावर बसून काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ काढले, आणि म्हणाले की जळगावचे पाहुणे सहा नव्हते, पाच होते. जयसिंगराव डोळे मिटून ऐकत होते.

आत्ता पावणेनऊ वाजलेत. मी अजून टाकलेलं नाही. ग्रुपवर जयसिंगरावांचं उत्तर येऊन पडलंय. "गाद्या चाळीस नव्हत्या, एकोणचाळीस होत्या. एक माझ्या घरी आहे. कंबर दुखत होती, बाबूरावांना विचारून नेली."